उपवासाच्या दिवशीची कणीक

गेल्या रविवारी दुपारी ठाण्याच्या घरी पोळ्या करून झाल्यावर कणकेचा लिंबाएवढा गोळा उरला आणि तो मी सवयीने ओल्या फडक्यात गुंडाळला. ही सवय स्वयंपाकघरातली नव्हे. ती घणसोलीतल्या आजोळची, एकादशीला रात्रभर भजन चाले त्या हरिजागराच्या रात्रींची आहे.

एकादशीला आजोळी भगर आणि दाण्याची आमटी शिजे. तरीही आजी संध्याकाळी मूठभर कणीक मळत असे, कारण रात्री ती पखवाजाच्या डाव्या तोंडावर, म्हणजे धुम्यावर, थापायची असे. उपवासाच्या दिवशी गहू खाणारा गावात तेवढा एकच, असे आजोबा म्हणत आणि दर एकादशीला त्यावर स्वतःच हसत. गोळा सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते. कणीक घट्ट झाली तर घुमारा राहत नाही, सैल झाली तर ती थापेसरशी निसटते. म्हणून धुमा वाळू लागला की पखवाजी माझ्याकडे न पाहताच डावा तळवा पुढे करी आणि मी त्यावर ओली कणीक ठेवी.

जागराला रात्रभर जागलो, असे मी शाळेत, पुढे कचेरीत आणि अगदी सासुरवाडीलाही सांगत आलो आहे. खरे असे की रूपाचे अभंग सरले, गवळण सुरू झाली, की माझ्या डोळ्यांवर झापड येई आणि जाग येई ती थेट काकड्याच्या टाळांनी, देवळाच्या खांबाशी, कुणाच्या तरी उपरण्याखाली. वीणा खाली ठेवायची नसते. झोपताना ती ज्यांच्या गळ्यात पाहिलेली असे, त्यांच्याऐवजी उठताना ती दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात दिसे, एवढ्यावरून मधली रात्र सरल्याचे कळे.

आता त्या देवळाभोवती इमारती आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, याबद्दल भजनी मंडळी कुरकुरतात. मला मात्र हा नियम मनापासून आवडतो, कारण कर्ण्यातून पखवाजाच्या उजव्या तोंडाची नुसती टिकटिक ऐकू येते. धुमा ऐकायचा तर कर्णा बंदच हवा.

पण मी झोपलेलो असताना पखवाजी तळवा पुढे करी, तेव्हा त्यावर कणीक कोण ठेवी? इतक्या वर्षांत हा प्रश्न मला त्या रविवारी प्रथमच पडला. मामांना फोन केला. ते म्हणाले, कुणी ठेवत नसे. गोळा तुझ्या मुठीतच असायचा, लागेल तेवढी कणीक पखवाजी तुझी बोटे हलकेच सोडवून काढून घेत आणि मूठ पुन्हा मिटवून ठेवत.

उरलेल्या गोळ्याची संध्याकाळी एक पोळी लाटली. ती कडक झाली.