फरा, आंब्याचं लाकूड आणि पूर्वेचा वारा

रविवार, रात्री

धुरावर मटण करायचं तर ते डिसेंबर-जानेवारीतच, हे माझं मत आता पक्कं झालंय. उन्हाळ्यात गच्चीवर निखाऱ्यांजवळ चार-पाच तास बसणं कुणाला झेपायचं? आणि थंडीत मटण बाहेरून लवकर तापत नाही, हा तर फायदाच. ते गार आणि ओलसर असतं तोवर धूर त्याच्यावर चांगला बसतो. कापल्यावर कडेनं दिसणारी गुलाबी पट्टी याच वेळात तयार होते. जळत्या लाकडातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला जाऊन चिकटतात. वरचा थर साधारण ६० अंशांवर गेला की ते थांबतं. म्हणून फरा, म्हणजे बोकडाचा खांद्याचा भाग, फ्रिजमधून काढला की मी थेट जाळीवर ठेवतो.

मटण काल संध्याकाळीच आणलं, मीठ रात्रभर मुरायला हवं म्हणून. "मामा, फरा अख्खा द्या, तुकडे नकोत," म्हटल्यावर त्यांचा सुरा हवेतच थांबला. "रश्श्याला न्हाय व्हय?" कोल्हापुरात मटण घेऊन जाणाऱ्यानं रस्सा करायचा नाही म्हणजे विचारायलाच पाहिजे. रश्श्यासाठी हाडं वेगळी घेतली तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं.

आज पहाटे अंगणातल्या बादलीचं पाणी हाताला झोंबत होतं. पण ग्रिलचा खरा शत्रू गारठा नव्हे, वारा. ग्रिलचा पत्रा पातळ असतो. पूर्वेकडून वारा सुटला की तो झाकणावरची ऊब ओढून नेतो, आणि खालच्या झडपेतून आत घुसून निखारेही भडकावतो. मग ग्रिलच्या तापमापकाचा काटा एकदा खाली, एकदा वर. मी जिन्याच्या खोलीच्या भिंतीआड ग्रिल लावला आणि एका बाजूला हातभर अंतरावर जुना पत्रा उभा केला. कितीही थंडी वाजली तरी पेटता कोळसा घरात किंवा जिन्यात न्यायचा नाही. दार लावून शेगडीशेजारी झोपलेली माणसं कार्बन मोनॉक्साइडनं सकाळी उठत नाहीत. त्या वायूला वास नसतो.

वखारीतला लाकडी कोळसा एका बाजूला ओळीनं रचला आणि फक्त एका टोकाला चार-पाच पेटते निखारे ठेवले. आग सावकाश सरकत जाते, आतली उष्णता ११० ते १२० अंशांत राहते. थंडीत कोळसा जास्त लागतो, त्यामुळे ओळ लांब हवी. दुसऱ्या बाजूला पाण्याची थाळी, वर जाळी, जाळीवर फरा. थाळीत उकळतं पाणी ओतायचं. गार ओतलं तर ते तापवण्यातच निम्मा कोळसा जातो. वरची झडप पूर्ण उघडी, कमी-जास्त करायचं ते खालच्या झडपेनं. आंब्याचं लाकूड चांगलं वाळलेलं घेतलं. लाकूड भिजवून घालायला सांगतात, ते मला पटत नाही. भिजलेल्या लाकडातून आधी वाफच येते, मग दाट पांढरा धूर, आणि त्यानं मटण कडू होतं. निळसर, दिसेल न दिसेल असा धूर पाहिजे.

मसाला मोजकाच : मीठ, मिरी, घरची चटणी चिमूटभर आणि किसलेला गूळ. भौगोलिक मानांकन मिळालेला आपला गूळ इथं नाही वापरायचा तर कुठं? एवढ्या मंद आचेवर तो करपत नाही, वर चकाकी येते.

दुपारी मटणात खुपसलेल्या तापमापकाचा काटा ६८ अंशांवर अडला. तासभर हालेना. धाकटा भाऊ दोनदा वर येऊन गेला. "दादा, कोळसा वाढव की." मी वाढवला नाही. मटणातलं पाणी बाहेर येऊन उडत असतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, माठातलं पाणी गार राहतं तसंच. ते थांबेल तेव्हा काटा आपोआप चढेल. झाकण उघडून बघण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. हिवाळ्यात एकदा उघडलं की गेलेली ऊब परत भरायला बराच वेळ जातो. बोकडाच्या मटणात चरबी कमी, म्हणून या टप्प्यावर चमचाभर तूप सोडून फरा फॉइलमध्ये गुंडाळला. त्यानं पाणी उडणंही थांबलं. नंतर ९२ अंशांवर सळई लोण्यात जावी तशी आत गेली. सांध्यातला चिवट भाग विरघळून चिकट रस झाला होता, खांद्याचं चपटं हाड नुसतं ओढलं तर स्वच्छ, कोरडं निघून हातात आलं.

खाली आईनं हाडांचं आळणी पाणी काढून त्यावर पांढरा रस्सा केला होता. तिनं फऱ्याचा कडेचा काळपट तुकडा मोडला, चावला, आणि म्हणाली, "ह्याला तांबडा नको. पांढराच." तिचं बरोबर होतं. तांबड्यात धूर बुडून गेला असता. खोबऱ्याच्या दुधाच्या त्या सौम्य रश्श्याबरोबर आंब्याच्या लाकडाची चव शेवटपर्यंत जिभेवर राहिली. एवढा तासन् तास मुरवलेला धूर झणझणीत तिखटाखाली दाबणं मला अन्याय वाटतो, आणि हे मी तालमीतल्या पोरांसमोरही सांगेन.

पुढच्या खेपेला सीना, म्हणजे छातीचा भाग, लावायचा, त्यात चरबी चांगली असते. पेरूचं लाकूड आहे का, वखारीत विचारायचं.