पुस्तक कोणतं, ॲप कोणतं? आधी खाडा मांडा

‘मन एका जागी राहत नाही, कुठलाही नेम आठ दिवसांपलीकडे टिकत नाही. एखादं चांगलं पुस्तक सांगा, नाहीतर ॲप तरी सांगा.’ ध्यान आणि रोजच्या सवयी या विषयात थोडंफार काम करणाऱ्या कोणालाही हा प्रश्न सारखा येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. सामान फार लागत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर, त्याच्या शेजारी दोऱ्याने बांधलेलं लाल पेन, एक छोटी माळ आणि एकच पुस्तक. ॲप नसलं तरी अडत नाही.

कॅलेंडरपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. दूधवाला आला नाही, कामाच्या मावशी आल्या नाहीत, की त्या तारखेच्या चौकोनात ‘खाडा’ लिहायची आपल्या घरांतली पद्धत जुनी आहे. आलेला दिवस कोणी लिहीत नाही. येणं गृहीत असतं, न येणं तेवढं लिहायचं. सवयीची नोंद ठेवायची याहून बरी रीत मला माहीत नाही.

ॲपचा हिशेब नेमका उलटा चालतो. ते हजेरी मोजतं आणि सलग मोजतं. ४१ दिवस झाले, ४२व्या दिवशी घरात लग्न निघालं, आकडा शून्यावर आला. मग माणूस म्हणतो, ‘गेलंच की आता’, आणि दुसऱ्या दिवशीही बसत नाही. खरं म्हणजे ४१ दिवसांची मेहनत कुठेही गेलेली नसते, पडद्यावरचा आकडा तेवढा गेलेला असतो.

एखाद्या खाड्याने सवयीचं फारसं बिघडत नाही, हे मोजून पाहिलेलं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी कृती निवडायला सांगितली आणि १२ आठवडे रोज नोंदी घेतल्या. २०१० साली छापलेल्या त्यांच्या निबंधात कृती अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्य ६६ दिवसांचा निघाला. पण माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. (अभ्यास ८४ दिवसांचाच होता, २५४ हा आकडा आलेख पुढे वाढवून काढलेला आहे. सांगोवांगी हे कोणी सांगत नाही.) अधूनमधून एखादा दिवस चुकला तरी सवय बनण्याच्या क्रमावर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही.

मग ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे कुठून आलं? मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६०च्या पुस्तकात लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवसांच्या आसपास लागतात. पुढे ‘किमान’ गळून पडलं, चेहराही गळून पडला, राहिले २१ दिवस. बाविसाव्या दिवशीही पहाटे उठायला जड जातं तेव्हा लोकांना वाटतं, आपल्यातच खोट आहे. तसं काही नसतं, मुदत चुकीची सांगितलेली असते.

आपल्याकडचा चातुर्मासाचा नेम या बाबतीत जास्त व्यवहारी होता. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चार चांद्रमास, म्हणजे साधारण ११८ दिवस. मध्ये अधिक महिना आला तर पाच, २०२३ साली अधिक श्रावण आला होता तसे. नेम एकच आणि लहान: पोथीचा एक अध्याय, तुळशीपाशी दिवा किंवा एखादा पदार्थ वर्ज्य. शेवटी उद्यापन, म्हणजे सुटायचा दिवस आधीच ठरलेला. ‘आता जन्मभर रोज’ म्हटलं की मन बिचकतं, ‘कार्तिकीपर्यंत’ म्हटलं की तयार होतं. देवाधर्माशी संबंध नसलेल्यांनीही ही मुदत उचलायला हरकत नाही.

आता खाडा कसा मांडायचा ते. पहिले १४ दिवस मात्र रोज बरोबरची खूण करा. सुरुवातीला कृतीचाच विसर पडतो, मग खाडा लिहायचाही पडतो, आणि रिकामा चौकोन खोटी हजेरी लावतो. पंधराव्या दिवसापासून फक्त खाडे. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी, संकष्टी आणि सणवार यांनी चौकोन आधीच भरलेला असतो, म्हणून उजव्या कोपऱ्यात दोन अक्षरं मावतील एवढंच लिहायचं, आणि तिथे खाड्याचं कारण यायला हवं. ‘वि’ म्हणजे विसरलो, ‘झो’ झोप, ‘कं’ कंटाळा, ‘पा’ पाहुणे, ‘प्र’ प्रवास, ‘आ’ आजारपण.

महिनाअखेरीला दुधाचा हिशेब करता तसा याचा करा. ‘वि’ जास्त आले असतील तर कृतीला धरून ठेवणारी खुंटी कच्ची आहे. ‘झो’ जास्त असतील तर वेळ चुकली आहे. पहाटेचा हट्ट सोडा, संध्याकाळी करून पाहा. ‘कं’ जास्त असतील तर कृती मोठी धरली आहे, अर्धी करा. ‘पा’ आणि ‘प्र’ यांच्यावर उपाय करत बसू नका, संसार आहे. महिन्यात चार खाडे माफ. लागोपाठ दोन मात्र पडू द्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी नेम अगदी नावापुरता केला तरी चालेल, पण करायचा.

खुंटी म्हणजे काय, तर आधीपासून न चुकता घडणारी गोष्ट, जिच्यावर नवी गोष्ट टांगायची. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा साध्या ठरावांचा अभ्यास केला. स्टॅनफर्डच्या बी. जे. फॉग यांनी त्याच वाटेने जाऊन कृती हास्यास्पद वाटेल इतकी लहान करायला सांगितली; दातांत दोरा फिरवायची सवय लावायची तर एकाच दातापासून सुरुवात. लोक इथे दोन चुका करतात. खुंटी म्हणून वेळ धरतात: ‘सकाळी साडेसहाला’. साडेसहा वाजल्याचं कोणाला दिसत नाही. किंवा ‘जेवणानंतर’ असं सैल धरतात. जेवण कधी संपलं? हात धुतल्यावर, की ताटं उचलल्यावर? खुंटीला कड हवी. ‘नळ बंद केला की’, ‘दाराची कडी लावली की’, ‘चहाचं आधण ठेवलं की’.

आधणाचं उदाहरण जरा जवळून बघू, कारण भान शिकवायला मला हेच सगळ्यात आवडतं. (‘माइंडफुलनेस’ला कोणी सजगता म्हणतं, कोणी अवधान. आपण रोज ‘भानावर ये’ म्हणतो, तेव्हा भान पुरेसं आहे.) दोन कप पाणी गॅसवर ठेवलं की ओट्यापासून हलायचं नाही, फोन हातात घ्यायचा नाही. तीनचार मिनिटांचा मामला आहे. आधी काहीच दिसत नाही. मग तळाशी टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे धरतात. पाठोपाठ ‘सूं’ असा आवाज सुरू होतो आणि वाढत जातो. तळाशी झालेली वाफ वरच्या गार पाण्यात शिरताच बुडबुडे मिटतात, त्या मिटण्याचा हा आवाज. पाणी सगळीकडे सारखं तापलं की बुडबुडे न मिटता वरपर्यंत पोचतात, आवाज खाली येतो आणि खळखळ सुरू होते. उकळी फुटण्याच्या जरा आधीचं हे आवाज पडणं कानांनी पकडायचं, एवढाच अभ्यास. मन चारदा तरी पळेल: डबा, मीटिंग, काल कोण काय बोललं. पळालंय हे लक्षात आलं की पुन्हा आवाजाकडे. लक्षात येण्याचा तो क्षण हाच अभ्यास आहे. ‘माझं मन फार पळतं, मला जमत नाही’ म्हणणाऱ्यांना हेच सांगावं लागतं, की पळालेलं कळलं म्हणजे जमलं. आणि पुढे दूध घातल्यावर भान सुटलं तर त्याची शिक्षा ओट्यावर लगेच दिसते.

माळेचं असं. जपाच्या माळेत १०८ मणी आणि वर मेरुमणी. २७ मण्यांची छोटी माळही मिळते, सुरुवातीला तीच घ्या. माळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लावायची नाही. श्वास बाहेर गेला की एक मणी. शांत बसलेल्या माणसाचे मिनिटाला १२ ते १५ श्वास धरले तर २७ मणी दोन-सव्वादोन मिनिटांत होतात, १०८ सातआठ किंवा नऊ मिनिटांत. मेरू बोटाला लागला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची. गजर लागत नाही, डोळे उघडून घड्याळ बघावं लागत नाही.

बिघडतं ते दोन ठिकाणी. बोटं श्वासाच्या पुढे पळतात आणि माळ दीड मिनिटात संपते. अशा वेळी मणी ओढण्याआधी श्वास संपल्यानंतरची छोटी विश्रांती जाणवू द्या. दुसरं, माणूस श्वास बघण्याऐवजी श्वास ‘घ्यायला’ लागतो, खोल आणि जोरात. मग डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. तसं झालं तर थांबा, डोळे उघडा, चार पावलं चाला. हा प्राणायाम नाही. श्वास जसा असेल तसा बघायचा आहे. महिनाभर २७ मण्यांत खाडे चारच्या आत राहिले की ५४ करा, लगेच १०८ नको.

आता पुस्तकं. पण ती नसली तरी चालतं, हे आधी पाहू. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाल तर पुस्तकं, वही-पेन, फोन सगळं जमा करावं लागतं. पहाटे चारला घंटा, पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास बघणं आणि दहाव्या दिवसापर्यंत मौन. सत्यनारायण गोयंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि त्यांनी ही पद्धत इथे शिकवली. शिबिराला शुल्क नाही, आधी शिबिर केलेल्या साधकांच्या दानावर चालतं. तिथून घरी येताना सांगितलं जातं ते सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. खरे खाडे तिथून सुरू होतात, कारण शिबिरातली एकही खुंटी घरात नसते. तासाभराचं जमत नाही म्हणून शून्यावर येण्यापेक्षा २७ मण्यांवर आलेलं बरं.

पुस्तकाशिवाय होत नसेल तर एकच घ्या. सवयीची यंत्रणा समजून घ्यायची असेल तर जेम्स क्लियर यांचं ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’, मूळ २०१८चं, मराठीतही मिळतं. सुरुवातच होत नाही ही तक्रार असेल तर फॉग यांचं ‘टायनी हॅबिट्स’. दोन्ही घेऊ नका, निम्मा मजकूर एकमेकांच्या शेजारचा आहे. भानासाठी व्हिएतनामी बौद्ध भिक्षू थिक न्हात हान्ह यांचं ‘द मिरॅकल ऑफ माइंडफुलनेस’ छोटं आणि नेटकं आहे. ते मुळात व्हिएतनाममधल्या सहकाऱ्याला लिहिलेलं लांबलचक पत्र होतं. भांडी घासताना फक्त भांडी घासावीत, हे त्यातलं सगळ्यांत अवघड प्रकरण. आणि रोज वाचण्याचाच नेम हवा असेल तर दासबोधाइतकी सोयीची बांधणी दुसरी नाही: २० दशक, प्रत्येकात १० समास, एकूण २००. रोज एक समास मोठ्याने वाचायला दहाएक मिनिटं पुरतात, आणि किती राहिले ते बोटांवर सांगता येतं.

पुस्तक कुठलंही असो, दिवसाला चार पानं, पेन्सिल हातात. मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला एकच वाक्य लिहा: ‘अमुक झालं की मी तमुक करीन.’ ते वाक्य सुचलं की वाचन थांबवा आणि १४ दिवस ते करा, मग पुढचं प्रकरण. सवयींवरची पाच पुस्तकं सलग वाचून संपवणाऱ्या माणसाला सवयींवरची पुस्तकं वाचायची सवय लागलेली असते.

फोनचं थोडक्यात. गजरासाठी साधं घड्याळ घ्या, दोनतीनशे रुपयांत मिळतं, आणि फोन रात्री बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावा. गजर बंद करायला उचललेला फोन अर्ध्या तासाने खाली ठेवला जातो, आणि कॅलेंडरवर त्याला ‘झो’ लिहिणं खोटेपणाचं आहे. त्यासाठी ‘फो’ असं वेगळं अक्षर करा.

एक सूचना गंभीरपणे. डोळे मिटून बसलं की छातीत धडधडतं, जुने प्रसंग अंगावर येतात, असं होत असेल तर रेटू नका. डोळे उघडे ठेवून आधणाचा किंवा चालण्याचा अभ्यास करा. मानसोपचार चालू असतील तर लांबलचक शिबिराआधी डॉक्टरांना विचारा. शिबिराच्या अर्जातही ही माहिती मागतात, ती लपवायची नसते.

जानेवारीची वाट बघू नका, आज जी तारीख असेल तो चौकोन चालेल. एका वेळी एकच नेम, फार तर दोन. आणि वर्ष संपल्यावर कॅलेंडरची पानं फडताळात अंथरायच्या आधी सगळ्या महिन्यांचे ‘वि’, ‘झो’, ‘कं’ आणि ‘फो’ एकदा मोजून नव्या कॅलेंडरच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा.