देवाची बाजू घेताना

आपल्या विश्वासावर कुणी खोटंनाटं बोललं तर उत्तर कसं द्यायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहे. प्रश्न बहुतेक वेळा तरुणांचा असतो. नवापूर, नंदुरबारकडची आपली मुलं धुळ्याला, जळगावला शिकायला राहतात. हॉस्टेलवर किंवा मोबाइलच्या ग्रुपवर कुणीतरी येशूविषयी, बायबलविषयी, आपल्या ख्रिस्ती समाजाविषयी काहीतरी ठोकून देतं, आणि रविवारी उपासना संपली की ही मुलं मला गाठतात. धुळ्याकडच्या एकाने तर अहिराणीतच विचारलं, "आप्पा, तो खोटं बोलस, मंग आपीन कसाले मोजीमापीसन बोलानं?" समोरचा वाटेल ते बोलतो, मग आपणच का तोलून बोलायचं?

माझं उत्तर बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात आहे. ईयोबाची मुलं गेली, गुरं गेली, अंगावर धड कातडीही राहिली नाही. मित्र समजूत घालायला आले आणि त्यांनी एकच धोशा लावला: देव न्यायी आहे, तेव्हा तू पाप केलंच असणार. देवाची बाजू सावरण्यासाठी ते एका निर्दोष माणसावर आरोप रचत गेले. त्यांतल्या एलीफजाने तर पुढे त्याने विधवांना रिकाम्या हाती घालवलं, असंही सांगून टाकलं. या तेराव्या अध्यायात ईयोब त्यांना विचारतो, देवासाठी तुम्ही खोटं बोलणार का? त्याने तुमचीच झडती घेतली तर काय कराल? आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप होतो तो त्याला जाब विचारणाऱ्या ईयोबावर नाही, त्याची वकिली करणाऱ्या मित्रांवर होतो. सत्याच्या बाजूने बोलू पाहणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने हा भाग आधी वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

कारण आपल्या ग्रुपवर काय फिरतं ते बघा. चार्ल्स डार्विनने मरताना आपला सिद्धांत मागे घेतला आणि तो ख्रिस्ताकडे वळला, हा मजकूर दरवर्षी येतो. डार्विन वारला 1882 साली. ही गोष्ट बॉस्टनच्या एका बाप्टिस्ट नियतकालिकात छापून आली 1915 साली, लेडी होप नावाच्या बाईंच्या सांगण्यावरून. डार्विनच्या मुलीने 1922 साली लिहून कळवलं की शेवटच्या वेळी मी वडिलांजवळ होते, या बाई त्या आजारपणात तिथे नव्हत्या, आणि वडिलांनी आपलं कुठलंही वैज्ञानिक मत मागे घेतलं नाही. दुसरा मजकूर असा, की बायबलातल्या यहोशवाच्या लढाईच्या दिवशी सूर्य थांबला तो 'हरवलेला दिवस' नासाच्या संगणकाला सापडला. हे होऊच शकत नाही. आजच्या ग्रहस्थितीवरून मागे हिशेब करत गेलं तर मधे खंड पडल्याचं दिसणार नाही. त्यासाठी त्या काळाच्या आधीची वेगळी, स्वतंत्र नोंद हातात लागते. यहोशवाच्या दहाव्या अध्यायावर तुमचा विश्वास असेल तर तो विश्वास म्हणून सांगा, त्याला नासाचा खोटा शिक्का कशाला?

आपण खानदेशातली माणसं, कापसाचा व्यवहार जाणतो. गाडीभर चांगला कापूस असला तरी एका कोपऱ्यात पाणी मारलेलं सापडलं की व्यापारी सगळ्या गाडीचा भाव पाडतो, आणि त्याला चूक म्हणता येत नाही. डार्विनचं खोटं ज्या मुलाने पकडलं, तो उद्या पुनरुत्थानाची साक्ष कशाला ऐकून घेईल?

आता समोरच्याच्या फसव्या मुद्द्यांकडे येतो. आमच्या अमळनेरला प्रतापशेठांनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. ज्या न्यायशास्त्राचा अभ्यास अशा ठिकाणी होतो, त्यात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावं म्हणून दोघं बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त मोडायची, ती वितंडा. हे गौतमाच्या न्यायसूत्रांतलं शहाणपण आहे, आणि ख्रिस्ती माणसाने ते कृतज्ञतेने घ्यावं. समोरचा यांपैकी काय करतो आहे हे आधी ओळखा. अर्धं काम तिथेच होतं.

येशूने हे ओळखलं होतं. कैसराला, म्हणजे रोमच्या बादशहाला, कर द्यावा की नाही, असं विचारायला परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारे) आणि हेरोदी (हेरोद घराण्याचे पक्षपाती) एकत्र आले. एरवी या दोघांचं पटण्याजोगं काही नव्हतं. द्या म्हटलं तर लोक चिडणार, नको म्हटलं तर रोमी सुभेदाराकडे तक्रार जाणार. येशूने आधी त्यांचा डाव उघड बोलून दाखवला, मग नाणं मागितलं. नाणं त्यांच्याच जवळ निघालं. कैसराचं ते कैसराला द्या आणि देवाचं ते देवाला, असं तो म्हणाला. दोनांतलं एक निवडलंच पाहिजे, ही प्रश्नातली अटच त्याने मानली नाही. रानातल्या परीक्षेत सैतानाने येशूला मंदिरावरून उडी टाकायला सांगताना, देवदूत तुला झेलतील असं सांगणारं एक्क्याण्णवावं स्तोत्र म्हणून दाखवलं. शब्द शास्त्रातलेच होते, फसवणूक ते वापरण्यात होती. त्यावर येशूने ते स्तोत्र खोटं ठरवलं नाही. परमेश्वराची परीक्षा पाहू नको, असंही लिहिलं आहे, एवढंच त्याने सांगितलं. आपल्याला टोचणारी बहुतेक वाक्यं अशीच असतात, अर्धी खरी. त्यातलं खरं अर्ध आधी मान्य करावं लागतं, आणि तेच आपल्याला जड जातं.

सगळ्यात जास्त टोचणारं वाक्य कोणतं, ते तुम्हाला माहीत आहे: "तुमचे पणजोबा धान्यासाठी बाटले." यावर आपली मुलं चिडून म्हणतात, असं कधी झालंच नाही. असं म्हणू नका. 1896-97 चा आणि त्यानंतर 1899-1900 चा, ज्याला जुनी माणसं छप्पनचा दुष्काळ म्हणत, त्या दोन्ही वेळी मिशनऱ्यांनी अनाथालयं उघडली, पंडिता रमाबाईंनी दुष्काळी भागातल्या मुली केडगावला आणून सांभाळल्या. त्या मुलांतली पुष्कळ पुढे ख्रिस्ती झाली. हा इतिहास आहे. कुठे कुणी भाकरीवर अट घातली असेल तर ते पाप होतं, हेही आपणच आधी म्हणावं. पण पणजोबा कोणत्या भुकेने दारात आला, यावरून पणतूचा विश्वास खरा की खोटा हे ठरत नाही. गोष्ट कुठून सुरू झाली आणि ती खरी आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्या वाक्यात ते बेमालूम एकत्र केलेले असतात. आज पाड्यावरच्या ख्रिस्ती घराला रेशन दुकानात शेजाऱ्याइतकंच धान्य मिळतं, तरी ते घर रविवारी प्रार्थनेला बसतं. याचं कारण त्या घरालाच विचारायला हवं.

इथे आणखी एक मोह होतो. लगेच नारायण वामन टिळकांचं नाव पुढे करायचं: बघा, 1895 साली बाप्तिस्मा घेताना त्यांनी काय मिळवलं, उलट गमावलंच. गोष्ट खरी आहे, पण ती दुष्काळातल्या मुलांचं उत्तर होत नाही. शिवाय त्यातून पंडिताचा विश्वास खरा आणि उपाशी माणसाचा कमी प्रतीचा, असा अर्थ निघतो. तो मला अजिबात मान्य नाही. येशूने पाच हजारांना जेवू घातलं, आणि दुसऱ्या दिवशी मागे आलेल्यांना स्पष्ट सांगितलं की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता. पण म्हणून आदल्या दिवशीचं जेवण चुकलं, असं तो म्हणाला नाही.

ग्रंथांविषयीचे आरोप त्यामानाने सोपे, कारण तपासता येतात. बायबलात कोणती पुस्तकं ठेवायची हे 325 साली निकीयाच्या परिषदेत मतदानाने ठरलं, असं सांगतात. परिषद कॉन्स्टंटाइन बादशहाने बोलावली हे खरं, पण तिथला मुख्य वाद, येशू देवपित्याच्या बरोबरीचा नाही, या आरियसच्या शिकवणुकीचा होता. पुस्तकांची यादी तिच्या ठरावांत नाही. नव्या कराराची आजची नेमकी 27 पुस्तकं एका यादीत दिसतात ती आलेक्सांद्रियाचा बिशप अथनेशियस याच्या 367 सालच्या पत्रात, आणि त्यातली बहुतेक मंडळ्यांत आधीपासून वाचली जातच होती. येशू लडाखच्या हेमिस मठात शिकला, ही गोष्ट नोतोविच नावाच्या रशियन माणसाने 1894 साली छापली. दुसऱ्याच वर्षी आग्र्याचे एक प्राध्यापक डग्लस त्या मठात गेले, तर मुख्य लामांनी असा ग्रंथच आपल्याकडे नसल्याचं सांगितलं.

पण इथेही आपलं वजन तपासून घ्या. मँचेस्टरला जपून ठेवलेला योहानाच्या शुभवर्तमानाचा पपायरसचा तुकडा आपले वक्ते फार उत्साहाने सांगतात. तो इजिप्तमधून आला, 1935 साली प्रसिद्ध झाला, आणि साधारण दुसऱ्या शतकातला मानला जातो. काही अभ्यासक मात्र त्याला तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतही आणतात. त्याच्या मागच्या बाजूला रोमी सुभेदार पिलातापुढच्या येशूच्या चौकशीचा भाग आहे. 'सत्य काय आहे?' हे पिलाताचे शब्द मात्र फाटून गेलेल्या जागेत पडतात. ते शब्द त्यावर वाचता येतात असं सांगू नका. तुकडा आहे तेवढाच पुरेसा मोलाचा आहे.

समोरचा खोटं बोलतो, मग आपणच का तोलून बोलायचं, ही शंका जुनीच आहे. 420 सालच्या सुमारास कॉन्सेंशियस नावाच्या माणसाने बिशप ऑगस्टीनला जवळजवळ हेच विचारलं होतं. मंडळीने पाखंडी ठरवलेल्या प्रिसिलियन पंथाचे लोक खोटं बोलून लपतात, तर त्यांना पकडायला आपणही त्यांच्यातलेच असल्याचं सोंग घ्यावं का? ऑगस्टीनने स्पष्ट नकार दिला. खोटं बोलू नका हे शिकवण्यासाठी खोटं बोललात, तर त्या पंथात आणि तुमच्यात फरक काय राहिला?

प्रत्येकाला उत्तर द्यायलाच हवं असंही नाही. पकडलेल्या येशूला हेरोद राजापुढे नेलं, तेव्हा त्याला चमत्काराचा तमाशा हवा होता. त्याने पुष्कळ प्रश्न विचारले, येशूने एकाचंही उत्तर दिलं नाही. पिलाताशी मात्र तो बोलला. म्हणून ग्रुपवर शंभर जणांसमोर कुणी डिवचलं तर तिथे लिहीत बसू नका. त्या मुलाला तुम्ही ओळखत असाल तर त्याच्या खोलीवर जा, चहा घ्या, आणि त्याला खरंच काय जाणून घ्यायचं आहे ते विचारा. पेत्राने उत्तर द्यायला तयार राहायला सांगितलं ते सौम्यतेने आणि आदराने, आणि शंभर जण बघत असताना ते फार कमी माणसांना जमतं.