खाष्ट सासूचे स्पोर्ट्स शूज

घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांच्या नशिबी जसा ट्रॅफिक लिहिलेला असतो, तशाच मालिकाही. इकडच्या बंगल्यांत आणि सेटवर मराठी मालिकांची शूटिंगं बारमाही चालू असतात. त्यामुळे रात्री साडेआठला सुनेच्या खिरीत काहीबाही कालवणारी बाई सकाळी नाक्यावर कोथिंबीर निवडताना दिसू शकते. मला दिसली. काठापदराची भारी साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात ठसठशीत ठुशी आणि साडीखाली मळके स्पोर्ट्स शूज. कॅमेरा कमरेखाली येत नाही, मग पायांना कशाला जाच! भाजीवाल्या मावशी जुडी बांधता बांधता म्हणाल्या, "त्या पोरीला किती छळाल हो, ताई?" बाई शांतपणे म्हणाल्या, "महिनाभर थांबा. तीच मला घराबाहेर काढणार आहे." मावशींनी खुशीत दोन मिरच्या जास्त टाकल्या.

हे घरी सांगितलं, तर आत्याने नाक मुरडलं. नौपाड्यात जन्म काढलेली आणि ठाण्यातल्या बंद पडलेल्या टॉकीजची नावं स्तोत्रासारखी म्हणून दाखवणारी ही बाई आजकालच्या कुठल्याच सासूला सासू मानत नाही. "डोळे वटारले, मागे ढँण् ढँण् वाजलं, की झाली सासू? ललिता पवारला असलं काही लागायचं नाही." तेव्हाही मागे वाद्यं वाजतच होती, पण आत्याशी कोण वाद घालणार.

ललिता पवारांचं नाव निघालं की लोक थपडेच्या गोष्टीवर येतात. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांनी प्रसंगानुसार मारलेली थप्पड जरा जास्तच जोरात बसली. चेहऱ्याला लकवा मारला, डावा डोळा कायमचा अधू झाला, नायिकेची कामं गेली. इथवर सगळं खरं. पण पुढे गोष्ट सांगणारा हमखास म्हणतो, "आणि त्या डोळ्यामुळेच ती खलनायिका झाली!" इथे माझं डोकं फिरतं. अहो, बारीक झालेल्या डोळ्याने अभिनय येत असता तर आमच्या स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत पुरस्कार वाटावे लागले असते.

थप्पड बसली तेव्हा ही बाई काही कोरी पाटी नव्हती. येवल्याच्या रेशमी कापडाच्या व्यापाऱ्याची ही मुलगी, मूळ नाव अंबा, जन्म १९१६चा. १९२८ साली, म्हणजे बारा वर्षांची असताना, मूकपटात उभी राहिली. मूकपटात आवाज नाही, म्हणजे जे काही सांगायचं ते हातांनी, मानेने आणि पदराने. पुढे नायिका झाली. १९३२च्या 'कैलाश'ची सहनिर्माती झाली आणि बोलपट आल्यावर १९३८ साली 'दुनिया क्या है' स्वतः काढला. सोळाव्या वर्षी निर्मितीत हात घालणारी बाई डोळा गेला म्हणून घरी बसेल? १९४४ साली प्रभातच्या 'रामशास्त्री'त ती आनंदीबाई झाली. 'ध'चा 'मा' करणारी आनंदीबाई! मराठी माणसाला याहून मोठी खलनायिका कुठून द्यायची?

आणि डोळ्याचंच म्हणाल, तर १९५५ साल बघा. त्या एका सालात 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये पुरुषजातीवर दात धरून बसलेली श्रीमंत आत्या ती, आणि 'श्री ४२०'मध्ये मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणारी गंगामाईही तीच. डोळा तोच. एकीत तो समोरच्याची लायकी मोजतो, दुसरीत नव्या आलेल्या पोराच्या पोटात काही आहे की नाही हे ताडतो. केळी विकणाऱ्या बायकांची बसण्याची एक ढब असते, ऐसपैस, सगळा रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखी. ललिताबाई तशा बसतात. नट्या बहुधा फुटपाथवर पाहुण्यासारख्या टेकतात.

मग १९५९चा 'अनाडी' आला. घरमालकीण मिसेस डिसा. तोंडाने भाडेकरूला फैलावर घेणारी आणि मनातून त्याला पोटच्या पोरासारखं जपणारी. या कामासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी. त्यांनीच पुढे 'आनंद'मध्ये त्यांना मेट्रन केलं आणि आडनाव पुन्हा डिसाच ठेवलं! ही गंमत मला 'आनंद'च्या सगळ्या गाजलेल्या संवादांपेक्षा जास्त आवडते.

मंथरेबद्दल मी काय वेगळं सांगू? रामानंद सागरांची 'रामायण' १९८७ला सुरू झाली तेव्हा ललिताबाई सत्तरीच्या होत्या, आणि मंथरा त्यांनी १९६१च्या 'संपूर्ण रामायण'मध्येही रंगवलेली होती. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मालिका पुन्हा लागली तेव्हा आम्ही सगळे सकाळी नऊला आंघोळी उरकून टीव्हीसमोर. कैकेयीच्या कानाशी लागताना मंथरा आधी नुसती जवळ येते, थांबते, मान तिरकी करते. बोलायच्या आधीच विष पोचलेलं असतं. माझी पुतणी म्हणाली, "ही शब्द बोलायला इतका वेळ का लावते?" आत्या म्हणाली, "गप. मूकपटातली आहे ती."

एवढं सगळं असूनही आत्याचा आवडता सिनेमा यातला एकही नाही. तिचा आवडता 'प्रोफेसर', १९६२चा. त्यात शम्मी कपूर म्हाताऱ्या मास्तरचं सोंग घेऊन शिकवणी मिळवतो आणि घरातली करडी आत्या, म्हणजे ललिताबाई, त्या खोट्या म्हाताऱ्याच्याच प्रेमात पडते. थिएटरात लोक खदखदून हसायचे म्हणे. मीही हसलो, परवा तिच्याबरोबर बघताना. ज्या बाईने उभ्या घराला धाकात ठेवलं ती लाजायला लागते, हे ललिताबाईंनी इतकं बेमालूम केलंय की हसू आवरत नाही.

आत्या हसत नव्हती. स्वतः कधी लग्न न केलेली, भाच्या-पुतण्यांना शिस्त लावण्यात केस पांढरे झालेली. तिने रिमोटने आवाज कमी केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "फसवलं त्या मेल्याने, आणि हसताय तुम्ही तिला?"