आमची वाटचाल: चहाच्या खोक्यापासून हत्यारांच्या कपाटापर्यंत

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या दुकानात पुढच्या भागात सुटा चहा मिळतो आणि मागच्या भागात घरच्या वर्कशॉपसाठी कपाटं, ड्रॉवर, रॅक आणि भिंतीवर लावायचे भोकांचे बोर्ड. पहिल्यांदा येणारा माणूस हमखास विचारतो, "हे दोन्ही एकाच दुकानात कसं काय?"

बाबांनी जांभळी नाक्याच्या बाजारात चहाचं दुकान टाकलं तेव्हा चहा प्लायवूडच्या खोक्यांतून यायचा. कडांना पत्र्याच्या पट्ट्या, आतून ॲल्युमिनियमचा कागद आणि झाकण खिळ्यांनी ठोकलेलं. पातळ प्लाय असूनही ते खोकं ओल धरत नसे. बागेपासून गोदामापर्यंत, गोदामापासून ठाण्यापर्यंत चहा कोरडा राहावा म्हणूनच ते तसं बनवलेलं असायचं. रिकामं झालं की त्याला लगेच मागणी. ठाण्यातलीच वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत. महामंडळ स्थापन झालं १ ऑगस्ट १९६२ रोजी, आणि पुढच्या काळात ठाण्याच्या घराघरांत फिटर, टर्नर, वेल्डर, पॅटर्नमेकर दिसू लागले. ही मंडळी घरीही स्वस्थ बसणारी नव्हती. शेजाऱ्याचा पंखा, कुणाची सायकल, चाळीतला नळ, काही ना काही हातात असायचंच. त्यांची हत्यारं गोणपाटात गुंडाळून खाटेखाली पडलेली असत. "शेठ, खोकं रिकामं झालं की माझ्यासाठी ठेवा," असं बाबांना आधीच सांगून ठेवायचे. पाव किलो चहा आणि एक खोकं, अशी खरेदी करून माणसं घरी जायची.

माझा काका वागळे इस्टेटमध्येच फिटर होता. त्याने या खोक्यांना आतून कप्पे करून द्यायला सुरुवात केली: पान्यांसाठी खाचा, कानशींसाठी उभी जागा, ड्रिलबिटांसाठी भोकं पाडलेली लाकडी पट्टी. पुढे चहा ज्यूटच्या आणि नंतर जाड कागदाच्या गोण्यांतून येऊ लागला. खोकी बंद झाली, तरी गिऱ्हाइकं विचारत राहिली. मग काकाने स्वतःच पेट्या बनवायला घेतल्या, आधी प्लायच्या, नंतर पत्र्याच्या. तो काम करायचा ती कंपनी बंद पडली तेव्हा त्याने वागळे इस्टेटमधल्या रोड नंबर १६ च्या बाजूला भाड्याने गाळा घेतला, एक जुनं पत्रा वाकवायचं मशीन आणलं आणि पेट्या बनवणं हाच पूर्णवेळ धंदा केला. विक्री बाबांच्या दुकानातूनच व्हायची. जागा कमी पडू लागली तेव्हा आम्ही नौपाड्यात आलो. आज दोन्ही कामं मी आणि माझी मुलगी मिळून बघतो.

आमचं एक मत पक्कं आहे. चांगली वस्तू निवडण्यात आनंद असतो, आणि तो आनंद घ्यायला गिऱ्हाइकाला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. म्हणून दुकानात घाई नाही. चहाच्या टेबलावर पांढऱ्या कपांची रांग असते. चाखण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धतीत १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा घेतात आणि ६ मिनिटं झाकून ठेवतात. आम्हीही तेच माप धरतो, कारण माप सारखं असलं तरच चहांमधला फरक जिभेला कळतो. आधी कोरडी पत्ती हातात घ्या, मग भिजलेल्या पत्तीचा वास घ्या आणि मग घोट घ्या. दार्जिलिंगच्या मार्च-एप्रिलमधल्या पहिल्या तोडणीचा चहा फिका, हिरवट-सोनेरी उतरतो. त्यात आलं-दूध घालणाऱ्याला तो पाणचट वाटणारच. त्यांच्यासाठी आसामचा मे-जूनमधल्या दुसऱ्या तोडणीचा चहा आहे. तो दुधालाही दबत नाही. निलगिरीचा चहा वासाला उजवा. आसामच्या दाण्यात तो थोडा मिसळला की घरच्या उकळीच्या चहाला चांगला सुगंध येतो. आम्ही हे मिश्रण गिऱ्हाइकासमोरच करतो आणि प्रमाण चिठ्ठीवर लिहून देतो, म्हणजे पुढच्या वेळी तोच चहा मिळतो. सुरुवातीला कुणालाही शंभर ग्रॅमच्या वर घेऊ देत नाही. घरचं पाणी, घरचं दूध आणि घरचं पातेलं यांत तो कसा उतरतो हे कळल्याशिवाय किलोभर चहा घेण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे बहुतेक घरांत जो दाणेदार चहा असतो तो सीटीसी, म्हणजे क्रश, टेअर, कर्ल या पद्धतीने बनतो. कोमेजवलेली पानं दातेरी पोलादी रुळांच्या जोडीतून जातात. दोन्ही रूळ उलट दिशांना फिरतात, आणि एकाचा वेग दुसऱ्याच्या जवळजवळ दहापट असतो. या वेगाच्या फरकाने पान चिरडलं जातं, फाटतं आणि त्याचे दाणे होतात. रुळाचे दाते बोथट झाले की दाणा नीट बांधला जात नाही, चहात चपटा चुरा वाढतो. म्हणून कारखान्यात ते रूळ ठरावीक काळाने काढून पुन्हा धार लावतात. काकाला हे कळलं तेव्हा तो हरखून गेला. म्हणाला, "म्हणजे चांगला चहा चांगल्या फिटरच्या हातात आहे!" आजही रिटायर झालेला एखादा मशिनिस्ट चहा घ्यायला आला की मी त्याला रुळांची ही गोष्ट सांगते, आणि पुढचा अर्धा तास तो दात्यांच्या कोनांवर बोलतो. याच रुळांच्या झिजेमुळे चहात लोखंडाचे कण येऊ शकतात. म्हणून टेबलावर लोहचुंबक ठेवलेलं आहे. कुठलाही चहा कागदावर पसरून त्यावरून चुंबक फिरवून बघा, आमचाही.

मागच्या दालनात सगळे ड्रॉवर भरलेले आहेत. रिकामा ड्रॉवर कुठल्याही दुकानात लोण्यासारखा सरकतो, खरी परीक्षा वजन पडल्यावर होते. आमच्या ड्रॉवरमध्ये पाने, पकडी, हातोडे, स्क्रूचे डबे असं खरं सामान आहे. ओढा, पूर्ण बाहेर काढा, कडेवर हात दाबून बघा. पत्रा १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाडीचा. घरातल्या साध्या कपाटाला याहून पातळ पत्रा चालतो, पण शिकंजा (काम करताना वस्तू घट्ट पकडणारं साधन) ठेवायच्या टेबलाला आणि जड ड्रॉवरला तो चालत नाही. ड्रॉवरखाली बॉल बेअरिंगचे टेलिस्कोपिक चॅनल, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या एकात एक बसणाऱ्या पट्ट्या, लावतो, ते जोडीमागे ४५ किलो वजन पेलणारे. पावडर कोटिंगआधी, म्हणजे रंगाच्या कोरड्या पुडीचा थर देण्याआधी, पत्र्यावरचं तेल आणि गंज काढून फॉस्फेटचा थर द्यावाच लागतो. मग पावडर बसवून भट्टीत १८० ते २०० अंशांवर ती पक्की करतात. फॉस्फेटची पायरी गाळली तरी नवं कपाट तितकंच चकचकीत दिसतं. पण ठाण्याचे दोन पावसाळे गेले की कडेपासून रंग फुगायला लागतो. म्हणून गिऱ्हाइकाला आम्ही मुद्दाम कडा आणि वेल्डिंगचे सांधे बघायला लावतो.

ओल हा चहाचाही शत्रू आणि हत्यारांचाही. जुलैत पाऊस लागला की एकाच आठवड्यात उघड्या बरणीतल्या चहाचा कडकपणा जातो आणि पटाशीच्या पात्यावर तांबूस ठिपके येतात. चहा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. काचेच्या बरणीत नको, प्रकाशाने त्याचा वास उडतो. मसाल्याच्या डब्याशेजारी आणि उदबत्तीजवळ तर मुळीच नको, चहा आजूबाजूचा वास लगेच ओढून घेतो. कपाट ओल येणाऱ्या भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. ते पायांवर उभं असू द्या, ड्रॉवरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि धारेच्या हत्यारांवरून तेलाचं फडकं फिरवा. हे सगळं छापलेलं एक कार्ड आम्ही दोन्ही बाजूंच्या गिऱ्हाइकांना देतो.

घोडबंदर रोडला उंच इमारती झाल्या, चाळीतली माणसं फ्लॅटमध्ये गेली. खाटेखालची जागा गेली, हत्यारं मात्र राहिली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मिस्त्री येईना, तेव्हा कितीतरी घरांत माणसांनी पहिल्यांदा ड्रिल हातात धरलं. त्यानंतर आमच्याकडे तरुण मुलं-मुली खूप येऊ लागली. कुणी सायकली दुरुस्त करतं, कुणी लाकडी खेळणी बनवतं. एक निवृत्त शिक्षक जुनी घड्याळं दुरुस्त करतात. त्यांना बोटाएवढ्या खणांची पेटी हवी होती. काकाच्या वेळचे नमुने काढून ती बनवायला आमच्या कारागिराला भरपूर वेळ लागला, पण तसं काम हातात आलं की आमचा गाळा खूश असतो.

कपाट विकत घ्यायला येणाऱ्याला आमची एकच विनंती असते. घरातली सगळी हत्यारं चादरीवर मांडा, एक फोटो काढा आणि तो घेऊन या. रोज लागणारी कुठली, महिन्यातून एकदा लागणारी कुठली, ते आम्ही बसून ठरवतो. रोजची हत्यारं डोळ्यांसमोर भिंतीवर, जड वस्तू कमरेखाली, बारीकसारीक पारदर्शक डब्यांत. मोठं कपाट घ्यायला आलेली कितीतरी माणसं ही मांडणी झाल्यावर एक बोर्ड आणि दोन ड्रॉवर घेऊन जातात. बिल लहान होतं, पण ते आम्हाला चालतं. तीच माणसं सहा महिन्यांनी शेजाऱ्याला घेऊन येतात, आणि तोवर चहासाठी त्यांच्या फेऱ्या चालूच असतात.

सध्या मुलीने एक अरुंद, चाकांची उभी ट्रॉली आखली आहे. वन बीएचकेतल्या वॉशिंग मशीन आणि भिंतीच्या मधल्या फटीत ती बसते. पहिला नमुना आमच्याच घरी वापरात आहे. चाकं फरशीच्या सांध्यांवर अडखळतात, म्हणून मोठ्या व्यासाची चाकं मागवली आहेत. ती आली की ट्रॉली दुकानात मांडू. आसामचा दुसऱ्या तोडणीचा माल जुलैत येतो, तेव्हा दर शनिवारी दुपारी टेबलावर तो चाखायला ठेवलेला असेल. हत्यारांचा फोटो असेल तर बरोबर आणा.