तुम्ही विचारलंत म्हणून: मी अजून आय-लीग का बघतो?

पुण्यात नोकरीला आल्यापासून हा प्रश्न मला कितीदा विचारला गेलाय. गोव्याचा माणूस, फुटबॉलचं वेड, मग आयएसएल (इंडियन सुपर लीग) ही वरची लीग सोडून अजून त्या आय-लीगच्या मॅचेस कशाला बघता? तिच्यात आता राहिलंय काय?

काय होतं ते आधी सांगतो. २००७ मध्ये आय-लीग, म्हणजे देशभरातल्या फुटबॉल क्लबांची राष्ट्रीय लीग, सुरू झाली आणि पहिली सहाच्या सहा विजेतेपदं गोव्यात आली. धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. एवढंसं आमचं राज्य! धेंपो-चर्चिल मॅच असली की बाबा मला स्कूटरवर मागे बसवून फोंड्याहून फातोर्ड्याच्या स्टेडियमवर न्यायचे. दुपारचं ऊन, डोक्याला रुमाल, कागदाच्या पुडीत उकडलेले शेंगदाणे. आमच्या धेंपोच्या बेटोकडे चेंडू आला की बाबांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट व्हायचा. पुढे धेंपोचाच रँटी मार्टिन्स पळायला लागलेला असायचा, तो त्यांना माझ्याआधी दिसायचा. आमच्या मागच्या पायरीवर चर्चिलवाले बसायचे. नव्वद मिनिटं शिव्या, आणि मग स्कूटर सुरू होईना तेव्हा ढकलायलाही तेच.

गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, पैसा आटला, म्हणून आमचे क्लब लीगमधून गेले असं सांगतात. मला ते कारण अपुरं वाटतं. २०१४ मध्ये आयएसएल आली. तिथे जागा मिळायची ती पैसे भरून. शेवटचा आलेला खाली जात नव्हता आणि खालचा कितीही चांगला खेळला तरी वर जात नव्हता. पुढे आय-लीगलाच दुसऱ्या दर्जावर ढकलायचं घाटायला लागलं, तेव्हा २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा तिघेही बाहेर पडले. आमच्या घरी त्या दिवशी सुतक असल्यासारखं होतं.

आणि त्याच मोसमात काय झालं बघा. मिझोरामचा ऐझॉल एफसी आधीच्या वर्षी लीगमधून खाली गेला होता. गोव्याच्या जागा रिकाम्या झाल्या म्हणून त्याला परत घेतलं. त्या ऐझॉलने मोहन बागान, ईस्ट बंगाल सगळ्यांना मागे टाकून २०१६-१७ ची लीग जिंकली! शेवटच्या दिवशी शिलाँगमध्ये एक बरोबरी पुरेशी होती, ती १-१ अशी मिळाली. आमच्या जागेवर आलेला संघ, पण मी आनंदाने रडलो. कारण लीग म्हणजे हेच. काल खाली गेलेला आज पहिला येऊ शकतो. त्या ऐझॉलला विजेता म्हणून आयएसएलचं दार मात्र उघडलं नाही.

दार किलकिलं झालं ते २०२२-२३ पासून. आय-लीग जिंकून आधी पंजाब एफसी आयएसएलमध्ये गेला, मग कोलकात्याचा मोहम्मेडन. वरून खाली येणं मात्र तेव्हा राहिलंच. तेही हवंच, आणि त्याला किती कोटी भरलेत याची सूट नको. २०२५ मध्ये फुटबॉल महासंघाने दिलेल्या व्यापारी हक्कांचा पंधरा वर्षांचा करार संपत आला आणि आयएसएलचा मोसम वेळेवर सुरूच होऊ शकला नाही. एका करारावर उभी केलेली लीग अशीच लटकते. मला त्यात आनंद नाही, खेळाडू घरी बसले होते. पण निदान आता तरी सगळी उतरंड पहिल्या पायरीपासून नीट बांधता येईल, अशी मला मनापासून आशा आहे. बालेवाडीत पुणे एफसीला २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरं येताना पाहिलेल्या इथल्या मित्रांनाही तेच वाटतं. त्यांचा तर क्लबच उरला नाही.

२०२४-२५ ला धेंपो आय-लीगमध्ये परत आली. मी लगेच घरी फोन लावला. बाबा आता सत्तरीचे, स्कूटर कधीच विकली. बातमी ऐकून थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "परत खाली नाही ना रे जाणार?"

त्यांचा आवाज अगदी फातोर्ड्यातला होता.