गव्हावर गहू

दुपारची गिरणी चारला उघडते. शटर वर जायच्या आधीच पायरीवर डबे रांगेत बसलेले असतात, मालक घरी. झाकणाखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर आडनाव आणि एखादाच शब्द: बारीक, जाडसर, भाजणी. जो आधी आला त्याचं आधी, असा डबेवाल्यांचा समज. गिरणीवाला तो रोज मोडतो आणि कुणाची तक्रार नसते.

"दादा, आत्ता काय चाललंय?"

"ज्वारी, काकू."

"मग आमचे गहू ठेवा बाजूला. गव्हावर गहू येतील तेव्हा टाका."

एवढंच. दगडांच्या पोटात, कापडी नळीच्या घड्यांत आधीच्या गिऱ्हाइकाचं थोडं पीठ राहतंच, हे कुणी कुणाला समजावत बसत नाही. गव्हात ज्वारी आली की पोळी लाटताना कड फाटते. बाजरी आली की पोळी काळवंडते. तांदळाच्या पिठात नाचणी आली की उकडीचे मोदक मातकट दिसतात, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी हे ऐकून घ्यायची कुठल्याही गिरणीवाल्याची तयारी नसते. म्हणून डबे तो आपल्या हिशेबाने लावतो. पांढऱ्याकडून काळ्याकडे, म्हणजे आधी तांदूळ, मग ज्वारी, मग बाजरी, शेवटी नाचणी. गव्हाचे सगळे डबे एका दमात. नुसतं सोयाबीन घ्यायचंच नाही, तेलाने दगड बुळबुळीत होतो. "गव्हात मिसळून आणा" म्हणून परत पाठवायचं. मिरची तर वेगळ्या यंत्रावरच.

मोटारींच्या रंगशाळेत आणि प्लास्टिकच्या साचेकामातही हेच करतात. फिकटावरून गडदाकडे जायचं, म्हणजे मधली धुलाई थोडक्यात भागते. गडदावरून पांढऱ्यावर यायचं तर प्लास्टिक वितळवणाऱ्या नळकांड्यातून, म्हणजे बॅरलमधून, किलोच्या किलो माल नुसता वाहून टाकावा लागतो आणि तरी तासाभराने एखाद्या बादलीवर निळी रेघ उमटते. तिथे याला संगणक लावून वेळापत्रक काढतात. इथे गिरणीवाला पायाने डबे सरकवतो.

गव्हावरून ज्वारीवर यायला त्याला लागतो जेमतेम एक मिनिट. त्यात तो तीन गोष्टी करतो. हॉपर रिकामा होत आला की आवाज बदलतो, त्या आवाजावर पुढचा डबा उचललेला असतो. मग कापडी नळीला तळहाताने खालून वर चार थापा. आणि बाजूचं चाक किंचित फिरवून दगडांमधली फट बदलायची. मग पडणारं पीठ अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळून बघायचं, पुन्हा चाकाला अर्धी बोटभर पिळ. हे चोळून बघणं सुटत नाही. तसं ते कुणाचंच सुटत नाही.

शिगेओ शिंगो नावाचा जपानी अभियंता १९५० साली हिरोशिमातल्या टोयो कोग्यो कारखान्यात, म्हणजे आजच्या माझदात, पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या मोठ्या प्रेसचे साचे बदलताना बघत होता. ८०० टनांच्या प्रेसचा साचा बदलायचा होता आणि कामगार गायब. तो एक बोल्ट शोधत कारखानाभर फिरत होता. शेवटी त्याने दुसऱ्या प्रेसचा लांब बोल्ट आणला, कापला, आटे पाडले आणि बसवला. तासाहून अधिक वेळ गेला, प्रेस उभा. तिथून शिंगोने कामाचे दोन ढीग केले. यंत्र थांबल्यावरच करता येईल ते एकीकडे, यंत्र चालू असताना करता येईल ते दुसरीकडे. बोल्ट शोधणं अर्थातच दुसऱ्या ढिगातलं. पुढे त्याने मांडलेला हिशेब असा: साचा बदलायला लागणाऱ्या वेळातला सुमारे ३० टक्के वेळ तयारीत जातो, १५ टक्के मोजमाप आणि मध्य जुळवण्यात, ५० टक्के चालवून बघणं आणि पुन्हा पिळणं यात. प्रत्यक्ष साचा काढणं-बसवणं? ५ टक्के. हात भरभर चालवा म्हणून ओरडणारा मुकादम त्या पाच टक्क्यांवर ओरडत असतो.

बोल्टवर तर त्याचा रागच होता. नटाला पंधरा आटे असतील तर तो पंधरा वेळा फिरवायचा, आणि घट्ट होतो तो शेवटच्या फेऱ्यात. आधीचे चौदा कशाला? म्हणून बोल्टांनी आवळलेल्या एका झाकणाचं छिद्रच त्याने नासपतीच्या आकाराचं करायला सांगितलं. नट एक फेरा सैल करायचा, झाकण थोडं फिरवायचं, नट बोल्टवरच ठेवून रुंद बाजूतून झाकण वर उचलायचं. नट काढायचाच नाही, त्यामुळे हरवायचाही प्रश्न नाही. १९६९ मध्ये टोयोटात १००० टनांच्या प्रेसचा साचा बदलायला चार तास लागत होते आणि फोक्सवॅगनला दोन. सहा महिन्यांत टोयोटा दीड तासावर आली. त्यावर वरून हुकूम आला, तीन मिनिटं करा. तीन महिन्यांत तेही झालं.

फॉर्म्युला वनमध्ये चार चाकं दोन सेकंदांच्या आसपास बदलतात, २०२३ मध्ये कतारला मॅकलॅरनने १.८० सेकंदांत बदलली. ती चित्रफीत बघून लोक हातांच्या वेगावर फिदा होतात. तिथे चाकाला नट एकच असतो, आपल्या गाडीला चार-पाच. नवं चाक हातात धरून माणूस आधीच उभा असतो. वीसेक माणसं आहेत आणि कुणीही कुणाला पाना मागत नाही. कौतुक करायचं तर त्याचं करावं.

टोयोटाचं मूळ मात्र मोटारीत नाही, मागात आहे, आणि हे इचलकरंजीत जास्त चांगलं कळेल. साध्या यंत्रमागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की माग थांबवायचा, धोटा काढायचा, कांडी बदलायची, माग सुरू करायचा. काही मिनिटांनी पुन्हा तेच. साकिची टोयोडाने १९२४ मध्ये असा माग केला की जो पूर्ण वेगात चालता चालता धोटा बदलून घेई. पाच वर्षांनी त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी विकत घेतले.

बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, प्रश्न सुटला; ताण्याचा, म्हणजे उभ्याचा, राहिलाच. उभे धागे गुंडाळलेला रूळ, म्हणजे बीम, संपला आणि पुढचं कापड तेच असेल तर जुन्या ताण्याच्या टोकांना नवी टोकं सांधून घेतात, धागे वर-खाली करणारी वही आणि ते सारख्या अंतरावर ठेवणारी फणी जागेवर राहतात. कापडाची जात बदलली की संपलं. हजारो धागे एकेक करून वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या फटीतून ओवायचे. वहिफणीवाले समोरासमोर बसतात, एक धागा देतो, दुसरा आकड्याने ओढतो. एक धागा चुकला की कापडात थेट शेवटपर्यंत रेघ. शहाणा मालक जादा वहीफणीचा जोड बाळगतो आणि हे ओवणं माग चालू असतानाच बाजूला उरकून घेतो. शिंगोचा दुसरा ढीग तो हाच.

वेळ वाचला म्हणजे माल जास्त काढायचा, असं बऱ्याच कारखानदारांना वाटतं. खरा फायदा वेगळा. १९१३ मध्ये फोर्ड हॅरिस नावाच्या अभियंत्याने मांडलेल्या सूत्रात किफायतशीर घाणा, म्हणजे एका वेळी काढायचा माल, हा बदलखर्चाच्या, म्हणजे एका मालावरून दुसऱ्यावर जायच्या खर्चाच्या, वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. बदलखर्च चौथाई झाला तर घाणा निम्मा करता येतो. चार तासांची तीन मिनिटं झाली, म्हणजे ऐंशीपट कमी, तर घाणा नवव्या हिश्शावर येतो. गोदामात महिन्याचा माल साचवायला नको, लागेल तेवढंच काढायचं. पिशवीबंद आटा विकणाऱ्यांना एकच गहू टनावारी दळावा लागतो. कोपऱ्यावरचा गिरणीवाला दोन किलो भाजणी दळून देतो, तीही तुमच्याच डाळींची आणि तुम्हाला हवी तेवढी जाडसर.

त्याच्याकडे परवा एक बाई ज्वारी घेऊन आल्या. आधी काय दळलंय हे त्यांनी विचारलं नाही. "इथे गहू दळतात का?" एवढंच विचारलं. मुलाला सीलिअॅक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन त्याला चालत नाही. ग्लूटेनमुक्त म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. पाच किलो ज्वारीत १०० मिलिग्रॅम. गव्हाच्या पिठात ग्लूटेन साधारण दहावा हिस्सा धरला तर अख्ख्या डब्यात एक ग्रॅम गव्हाचं पीठ, एक चिमूट. नळीच्या एका घडीत त्याहून जास्त असतं. चार थापांनी ते निघत नाही, चाळीस मारल्या तरी नाही, आणि ज्वारीवर ज्वारी टाकूनही नाही, कारण त्या ज्वारीच्या आधी कधीतरी गहू होताच.

गिरणीवाल्याने दगडांकडे बघितलं, मग डबा उचलून त्यांच्या हातात परत दिला.

"ताई, घरघंटी घ्या," तो म्हणाला. "नवी. कुणाची वापरलेली नको."